नागपुरातून मांस निर्यात : आधी प्रमाणपत्राचा मसुदा, मग जनावराची खरेदी

विदर्भातून बोकडाचे, म्हशीचे किंवा कोंबडीचे मांस परदेशी पाठवू इच्छिणारे बहुतेक नवे निर्यातदार आयात-निर्यात कोड काढतात, आखातातला एखादा ग्राहक गाठतात, दर ठरवतात आणि त्यानंतर माल कुठून उचलायचा याचा विचार करू लागतात. हा क्रम फळे, मसाले किंवा कापड यांच्या बाबतीत कसाबसा निभावतो. मांसाच्या बाबतीत तो हमखास फसतो, कारण मांस निर्यातीची परवानगी ‘मांस’ या मालाला सरसकट मिळत नाही. ती विशिष्ट प्राण्याच्या, विशिष्ट रूपातल्या मांसाला, विशिष्ट प्लांटमधून, विशिष्ट देशासाठी मिळते. या चारांपैकी एक गोष्ट बदलली की उरलेली कागदपत्रे निरुपयोगी ठरू शकतात. म्हणून खाली दिलेला क्रम शेवटच्या कागदापासून, म्हणजे आयातदार देशाच्या बंदरावर जो कागद तपासला जाणार आहे तिथपासून, मागे येत लावला आहे.

टप्पा १ : प्राणी, मांसाचे रूप आणि देश एकाच वेळी ठरवणे

सर्वप्रथम भारताचे निर्यात धोरण तपासावे. विदेश व्यापार महासंचालनालयाच्या निर्यात अनुसूचीनुसार गाय, बैल आणि वासरू यांच्या मांसाची निर्यात पूर्णपणे प्रतिबंधित आहे. म्हशीचे मांस हाडाविना असेल तर अटींवर पाठवता येते. हाडासह कार्कस, म्हणजे अख्खे धड, पाठवता येत नाही. शेळी-मेंढीचे मांस हाडासह जाऊ शकते, मात्र नोंदणीकृत प्लांट आणि माल पाठवण्यापूर्वीची तपासणी या अटी त्यालाही आहेत.

यावर राज्याचा कायदा वेगळा लागतो. महाराष्ट्र प्राणी संरक्षण अधिनियमात २०१५ साली झालेल्या सुधारणेनंतर राज्यात गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे, आणि कत्तलीसाठी ही जनावरे राज्याबाहेर नेण्यावरही आहे. म्हशीच्या कत्तलीला सक्षम अधिकाऱ्याचे लेखी प्रमाणपत्र लागते. त्यामुळे केंद्राची परवानगी आहे म्हणून काम सुरू केले आणि राज्याच्या कायद्यात अडकले, असे होऊ नये.

त्यानंतर देश. भारत लाळ-खुरकूत रोगापासून मुक्त देशांच्या यादीत नाही, आणि मांसाच्या जागतिक बाजाराची दारे कुठे उघडतात व कुठे बंद राहतात हे मुख्यतः या एका वस्तुस्थितीवर ठरते. युरोपीय संघ, अमेरिका आणि जपान भारतातून म्हशीचे किंवा शेळीचे ताजे वा गोठवलेले मांस घेत नाहीत. त्या देशांतला कोणी ‘ग्राहक’ भेटला, त्याने नमुना मागितला आणि आगाऊ शुल्क भरायला सांगितले, तर तिथेच थांबावे. म्हशीच्या मांसासाठी व्हिएतनाम, मलेशिया, इजिप्त, इराक, सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिराती, तर शेळी-मेंढीच्या मांसासाठी प्रामुख्याने आखाती देश हा वास्तव बाजार आहे.

मालाचा एचएस कोडही, म्हणजे सीमाशुल्कासाठीचा आंतरराष्ट्रीय वर्गीकरण क्रमांक, याच टप्प्यावर निश्चित करावा. म्हशीचे हाडाविना ताजे किंवा थंड केलेले मांस ०२०१ ३० मध्ये येते आणि गोठवलेले ०२०२ ३० मध्ये. शेळीचे मांस ०२०४ ५० मध्ये येते. मेंढीच्या मांसाला मात्र ०२०४ मध्येच, पण थंड की गोठवलेले आणि अख्खे धड की तुकडे यांनुसार वेगवेगळे उपकोड आहेत. आपल्याकडे दुकानात दोन्हींना मटणच म्हणतात. इन्व्हॉइसवर तेवढेच लिहून भागत नाही, प्राण्याचे नाव स्पष्ट असावे लागते.

टप्पा २ : आयातदार देशाच्या आरोग्य प्रमाणपत्राचा मसुदा मिळवणे आणि ओळीओळीने वाचणे

सर्वांत जास्त वेळ या टप्प्याला द्यावा. प्रत्येक आयातदार देशाशी ठरलेला पशुवैद्यकीय आरोग्य प्रमाणपत्राचा नमुना असतो. त्यावर राज्याच्या पशुसंवर्धन खात्याने यासाठी नेमलेला पशुवैद्यकीय अधिकारी सही करतो, आणि त्यातले प्रत्येक विधान त्याला खरे म्हणून प्रमाणित करावे लागते. जे विधान सिद्ध करता येत नाही त्याखाली तो सही करणार नाही, आणि करूही नये.

उदाहरण म्हणून म्हशीच्या हाडाविना मांसासाठी जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या संहितेत ज्या अटी आहेत त्या पाहाव्यात, कारण अनेक देशांचे नमुने त्यांवर बेतलेले असतात. लाळ-खुरकूत नियंत्रणाचा अधिकृत कार्यक्रम असलेल्या देशातली जनावरे किमान दोनदा लसीकरण झालेली असावीत. ती कत्तलीआधी ज्या ठिकाणी ठेवली होती तिथे ३० दिवस वास्तव्यास असावीत आणि त्या काळात आसपासच्या १० किलोमीटरच्या परिघात रोग आढळलेला नसावा. कत्तलीच्या आधी व नंतर २४ तासांच्या आत तपासणी झालेली असावी. मुख्य लसिका ग्रंथी काढलेल्या असाव्यात. हाडे काढण्यापूर्वी धड २ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापमानात किमान २४ तास परिपक्व होऊ दिलेले असावे, आणि पाठीच्या लांब स्नायूच्या मध्यभागी मोजलेला पीएच (आम्लतेचे माप) ६.० पेक्षा कमी भरलेला असावा.

यातली एकही अट कत्तल झाल्यावर ‘पूर्ण करून घेता’ येत नाही. तीस दिवसांच्या वास्तव्याची नोंद मागच्या तारखेने निर्माण होत नाही आणि सरळ ब्लास्ट फ्रीझरमध्ये (झटपट गोठवणाऱ्या यंत्रात) टाकलेल्या धडाचा चोवीस तासांनंतरचा पीएच मोजता येत नाही. जनावर विकत घेण्याआधी मसुदा वाचायचा तो यासाठी.

तपासून पाहावे : मसुद्यातल्या प्रत्येक विधानासमोर तीन गोष्टी लिहाव्यात : पुरावा कोणता, तो कोण देणार, आणि तो कोणत्या दिवशी तयार होणार. एखाद्या ओळीसमोरची जागा रिकामी राहिली तर सौदा अजून पक्का करू नये.

इशारा : फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र वनस्पती आणि वनस्पतिजन्य मालासाठी असते. संत्री किंवा तांदूळ पाठवण्याचा अनुभव असलेले एजंट सवयीने मांसासाठीही ते काढायला सांगतात. त्यात पैसे आणि दिवस दोन्ही वाया जातात.

टप्पा ३ : प्लांट निश्चित करणे

शहरातल्या सर्वसाधारण कत्तलखान्यात कापलेले मांस, ते कितीही ताजे आणि स्वच्छ असले तरी, निर्यातीसाठी चालत नाही. अपेडा या कृषी व प्रक्रिया अन्नाच्या निर्यातीसाठीच्या केंद्रीय संस्थेकडे नोंदलेला एकात्मिक कत्तलखाना किंवा अशाच कत्तलखान्यांतून कच्चा माल घेणारा नोंदणीकृत प्रक्रिया प्लांट असावा लागतो. नव्या निर्यातदाराने स्वतःचा प्लांट उभारण्याच्या फंदात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे; जमीन, सांडपाणी प्रक्रिया, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि शीतगृह यांत भांडवल अडकून पडते आणि बाजार हाताशी येईपर्यंत काही वर्षे जातात. व्यापारी निर्यातदार म्हणून नोंदणी करून मान्यताप्राप्त प्लांटशी लेखी करार करणे हा शहाणपणाचा मार्ग आहे.

प्लांट निवडताना अपेडाची नोंदणी वैध आहे का, एवढेच पाहणे अपुरे आहे. ती नोंदणी आपल्या प्राण्यासाठी आहे का ते पाहावे, कारण म्हशीसाठी नोंदलेल्या प्लांटमधून बोकडाचे मांस पाठवता येईलच असे नाही. त्यानंतर आयातदार देशाने तो प्लांट आपल्या यादीत घेतला आहे का ते पाहावे. अनेक देश स्वतः पाहणी करून प्लांटची यादी ठेवतात आणि अपेडाच्या नोंदणीने त्या यादीत आपोआप नाव येत नाही. मंजुरीचा क्रमांक प्रत्येक खोक्यावर छापला जातो आणि बंदरावरचा अधिकारी तोच क्रमांक यादीत शोधतो.

टप्पा ४ : स्वतःच्या नोंदण्या

या कामाला फारसा वेळ लागत नाही, म्हणून ते प्लांट ठरल्यावर करावे. आयात-निर्यात कोड पॅन क्रमांकावर ऑनलाइन मिळतो. त्याची माहिती दर वर्षी एप्रिल ते जून या काळात अद्ययावत करावी लागते, नाहीतर तो निष्क्रिय होतो. अपेडाचे नोंदणी-नि-सदस्यत्व प्रमाणपत्र, एफएसएसएआय या अन्नसुरक्षा नियामक संस्थेचा केंद्रीय परवाना, जीएसटी नोंदणी आणि कर न भरता निर्यात करण्यासाठीचे हमीपत्र हे पुढचे कागद आहेत. हमीपत्र आर्थिक वर्षापुरतेच असते. मार्चमध्ये बुक केलेला आणि एप्रिलमध्ये निघालेला माल यावरच अडतो. बँकेचा अधिकृत विक्रेता कोड (एडी कोड) ज्या बंदरातून किंवा विमानतळावरून माल जाणार आहे तिथल्या सीमाशुल्क प्रणालीत नोंदलेला आहे का, हे कस्टम्स ब्रोकरकडून लेखी विचारून घ्यावे.

टप्पा ५ : जनावरांची खरेदी आणि त्यांचा माग

अन्नसुरक्षेचे नियम प्लांटच्या दारापासून सुरू होतात, असा समज सर्वत्र आहे. प्रत्यक्षात ते गोठ्यापासून सुरू होतात, आणि नागपूर-वर्धा-अमरावती पट्ट्यातून बेरारी शेळ्या व बोकड गोळा करणाऱ्यांचे सर्वांत मोठे नुकसान इथेच होते.

बाजारात एकाच दिवशी अनेक गावांतले, अनेक मालकांचे बोकड एका गाडीत भरले जातात. त्या गाडीतल्या एखाद्या बोकडाला चार दिवसांपूर्वी ताप होता म्हणून ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक टोचलेले असेल, तर ते विक्रेता सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. औषध दिल्यावर ते शरीरातून बाहेर पडेपर्यंत कत्तल न करण्याचा ठरावीक काळ असतो. तो पाळला गेला नाही तर मांसात औषधाचे अंश सापडतात. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातल्या औषधांचा वापर तर अन्नासाठी वाढवलेल्या प्राण्यांत मुळातच बंद आहे. असा अंश सापडला तर एका बोकडापुरता प्रश्न राहत नाही. संपूर्ण खेप नाकारली जाते आणि प्लांटवर वाढीव तपासणी लागू होते.

म्हणून खरेदीचा क्रम असा ठेवावा.

१. पुरवठादार मर्यादित ठेवावेत आणि प्रत्येकाकडून गाव, कळपाची संख्या, लाळ-खुरकूत व पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा सांसर्गिक रोग) लसीकरणाच्या तारखा आणि मागच्या दोन महिन्यांत दिलेली औषधे यांची लेखी नोंद घ्यावी.

२. म्हशींच्या बाबतीत कानातल्या १२ अंकी टॅगचा क्रमांक खरेदीच्या जागीच उतरवून घ्यावा. प्लांटवर पोहोचल्यावर लिहिलेल्या यादीत अदलाबदल होते.

३. वाहतुकीआधी पशुवैद्यकाचे तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र घ्यावे आणि ते गाडीबरोबरच पाठवावे.

४. प्रमाणपत्राच्या मसुद्यात वास्तव्याची अट असेल तर जनावरे थेट बाजारातून कत्तलीला नेऊ नयेत. ती एका ठिकाणी ठेवून तिथे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक जनावराची नोंद ठेवावी. मध्येच नवे जनावर आत घेतले तर सगळ्या गटाचे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजण्याची वेळ येऊ शकते.

कोंबडीच्या मांसाचा विचार करणाऱ्यांनी बर्ड फ्लूचा हिशेब वेगळा मांडावा. नागपूरकरांना हे सांगण्याची फारशी गरज नाही. गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या या विषाणूने दगावल्याचे जानेवारी २०२५ मध्ये उघड झाले तेव्हा जिल्हाभर चिकनच्या दुकानांची काय अवस्था झाली होती ते सगळ्यांनी पाहिले आहे. कुक्कुट फार्मवर प्रादुर्भाव झाल्यास साधारणपणे १ किलोमीटरपर्यंतचे क्षेत्र बाधित आणि १० किलोमीटरपर्यंतचे निगराणीचे धरले जाते. पक्षी नष्ट करून निर्जंतुकीकरण पूर्ण झाल्यावर किमान २८ दिवस गेल्याखेरीज आंतरराष्ट्रीय संहितेनुसार रोगमुक्त दर्जाचा दावा करता येत नाही. यावर उपाय म्हणून जैवसुरक्षित कंपार्टमेंटची, म्हणजे रोग आत येऊ नये अशी काटेकोर व्यवस्था असलेल्या फार्मांच्या गटाची, सोय आहे. महाराष्ट्रासह चार राज्यांतल्या २६ कंपार्टमेंटबाबत भारताने केलेली रोगमुक्तीची स्वयंघोषणा जागतिक पशुआरोग्य संघटनेने २०२३ मध्ये मान्य केली. कोंबडीचे मांस पाठवायचे असेल तर पुरवठादार अशा कंपार्टमेंटमधला असावा. खुल्या फार्मवर अवलंबून राहिल्यास वर्षाचा करार एका दिवसात मोडतो.

टप्पा ६ : कत्तल, थंड करणे आणि चाचण्या

२००१ च्या कत्तलखाना नियमांनुसार गाभण जनावर, तीन महिन्यांपेक्षा लहान जनावर किंवा तेवढ्या लहान पिलाची आई यांची कत्तल करता येत नाही. एका पशुवैद्यकाने तासाला १२ आणि दिवसाला ९६ पेक्षा अधिक जनावरे तपासू नयेत, अशी मर्यादाही त्यांत आहे. ही संख्या ऑर्डरच्या तारखेशी ताडून पाहावी. समजा ४०० बोकडांची खेप दोन दिवसांत कापायची ठरवली आणि प्लांटवर एकच पशुवैद्यक आहे, तर नोंदवही स्वतःच सांगते की तपासणी झालेली नाही. परदेशी तपासनीस नेमकी हीच नोंदवही मागतात.

दमलेल्या, तहानलेल्या किंवा बिथरलेल्या जनावराच्या स्नायूंतली साखर आधीच संपलेली असते, त्यामुळे कत्तलीनंतर आम्ल पुरेसे तयार होत नाही आणि पीएच वरच राहतो. असे मांस गडद दिसते, लवकर खराब होते आणि ६.० ची मर्यादा ओलांडते. उन्हाळ्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास असताना दुपारी उघड्या गाडीतून आणलेली जनावरे त्याच संध्याकाळी कापली तर पीएचच्या चाचणीत ती नापास होण्याची शक्यता मोठी असते. मार्च ते जूनमध्ये वाहतूक रात्रीची ठेवावी, उतरवल्यावर सावली, पाणी आणि पुरेशी विश्रांती द्यावी.

थंड मांस ० ते ४ अंशांत आणि गोठवलेले मांस गाभ्यात उणे १८ अंश किंवा त्याखाली असावे. गाभ्यातले तापमान मोजण्यासाठी खोक्यात सुई घालावी लागते. फ्रीझरच्या दारावरचा आकडा हा हवेचा असतो. नमुने प्रयोगशाळेत पाठवताना आयातदार देशाने मागितलेल्या चाचण्यांची यादी सोबत द्यावी. साल्मोनेला या जंतूसाठी साधारणपणे २५ ग्रॅममध्ये तो नसल्याचा अहवाल मागितला जातो, त्याखेरीज ई. कोलाय, लिस्टेरिया, औषधांचे अंश आणि जड धातू यांच्या चाचण्या देशपरत्वे बदलतात. प्रयोगशाळा त्या विशिष्ट चाचणीसाठी अधिमान्यताप्राप्त आहे का, हे नमुना देण्याआधी विचारावे. विषयाची शास्त्रीय बाजू समजून घ्यायची असेल तर पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आणि पशुवैद्यकीय महाविद्यालय नागपुरातच आहे. तिथल्या मांसतंत्रज्ञानाच्या तज्ज्ञांचा सल्ला एजंटच्या ऐकीव माहितीपेक्षा केव्हाही भरवशाचा.

टप्पा ७ : हलाल प्रमाणन आणि लेबल

हलाल प्रमाणपत्र आता खासगी समजुतीचा विषय राहिलेला नाही. भारतीय गुणवत्ता परिषदेच्या योजनेखाली मान्यता मिळालेल्या संस्थेने प्रमाणित केलेल्या प्लांटमधूनच हलाल मांस म्हणून निर्यात करावी, अशी अट ऑक्टोबर २०२४ पासून संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, मलेशिया, इंडोनेशिया आदी १५ देशांसाठी लागू आहे. मात्र ही भारताच्या बाजूची अट झाली. प्रमाणन करणारी संस्था आयातदार देशाच्या यादीतही असावी लागते, आणि दोन्ही याद्या वेगवेगळ्या पाहाव्या लागतात.

लेबलावर प्राण्याचे नाव, तुकड्याचा प्रकार, कत्तलीची व वापराच्या मुदतीची तारीख, प्लांटचा क्रमांक, साठवणुकीचे तापमान आणि मूळ देश असावा. आखाती देशांसाठी अरबी मजकूर लागतो आणि तो आयातदाराकडून लेखी मंजूर करून घेतल्याशिवाय छापू नये.

इशारा : मुदतीची तारीख वेगळ्या चिकटपट्टीने लावू नये. अनेक ठिकाणी ती तारीख बदलल्याची खूण मानली जाते.

टप्पा ८ : नागपूर ते बंदर किंवा विमानतळ

थंड धड विमानाने जातात, गोठवलेला माल रीफर (शीतकरणाची सोय असलेल्या) कंटेनरने समुद्रमार्गे. नागपूरहून आखातात जाणाऱ्या प्रवासी विमानांत मालाची जागा मर्यादित असते आणि प्रवाशांचे सामान वाढले की माल मागे राहतो. म्हणून पुढच्या उड्डाणापर्यंत शीतगृहात जागा मिळेल का, हे आधीच लेखी ठरवावे. समुद्रमार्गे जाणाऱ्या मालासाठी नागपूरच्या मिहान या माल व उद्योग क्षेत्रातून रेल्वेने किंवा ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाने रस्त्याने न्हावा शेवा बंदर गाठता येते. रस्त्याने पाठवताना रीफरला वीज पुरवणारा जेनसेट, त्याचे डिझेल आणि चालकाकडे पर्यायी संपर्क हे तिन्ही पाहावे. कंटेनर भरण्यापूर्वी आतून थंड केलेला असावा आणि दोन ठिकाणी, दाराजवळ व मध्यभागी, तापमान नोंदवणारी यंत्रे ठेवावीत. बंदरावर वाद झाला तर त्यांचीच नोंद उपयोगी पडते.

टप्पा ९ : कागदांची जुळवणी

शिपिंग बिल, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, आरोग्य प्रमाणपत्र, हलाल प्रमाणपत्र, मूळ देशाचे प्रमाणपत्र आणि बिल ऑफ लेडिंग किंवा एअरवे बिल हे सर्व एका टेबलावर ठेवून एकाच व्यक्तीने वाचावेत. प्राण्याचे नाव, खोक्यांची संख्या, निव्वळ वजन, प्लांट क्रमांक, कत्तलीच्या तारखा, कंटेनर क्रमांक आणि सीलचा क्रमांक प्रत्येक कागदावर अक्षरशः सारखे असावेत. रस्त्यात तपासणीसाठी सील तोडून नवे लावले आणि आरोग्य प्रमाणपत्रावर जुनाच क्रमांक राहिला, तर कंटेनर बंदरावर अडकलाच म्हणून समजावे. माल निघून गेल्यावर काढलेले आरोग्य प्रमाणपत्र बहुतेक देश स्वीकारत नाहीत.

व्यापार धोरणाचा थेट फायदा मिळतो तो मूळ देशाच्या प्रमाणपत्रात. भारत-अमिराती व्यापार करार १ मे २०२२ पासून अमलात आहे आणि त्याखालील सवलत मिळवण्यासाठी त्या कराराचेच प्रमाणपत्र लागते. साधे, बिगर-सवलतीचे प्रमाणपत्र जोडले तर आयातदाराला पूर्ण शुल्क भरावे लागते आणि फरक तो तुमच्या बिलातून कापतो. सवलतीसाठी जनावर भारतात जन्मलेले व वाढलेले असल्याचे दाखवावे लागते, त्यामुळे टप्पा ५ मधल्या नोंदी इथे पुन्हा उपयोगी येतात.

टप्पा १० : नियम मध्येच बदलला किंवा माल नाकारला गेला तर

जागतिक व्यापार संघटनेचे सदस्य देश अन्नसुरक्षा व पशुआरोग्याच्या प्रस्तावित नियमांची सूचना देतात आणि त्यांवर सर्वसाधारणपणे ६० दिवस हरकती घेता येतात; ई-पिंग या विनामूल्य सेवेवर देश आणि माल निवडून ठेवला तर या सूचना ईमेलने येतात. रोगाच्या साथीत मात्र देश तातडीचे निर्बंध लगेच लावू शकतात. यासाठी खरेदी करारात एक कलम हवेच : माल समुद्रात असताना बंदी आली तर तोटा कोणाचा, आणि माल दुसऱ्या देशात वळवण्याचा अधिकार कोणाला.

भारतानेच निर्यातीवर निर्बंध घातला तर विदेश व्यापार धोरणाच्या परिच्छेद १.०५ मध्ये काही संरक्षण आहे. निर्बंधाच्या आधी उघडलेले अपरिवर्तनीय पतपत्र (बँकेचे एलसी) असेल आणि ते निर्बंध लागल्यापासून १५ दिवसांच्या आत विदेश व्यापार महासंचालनालयाच्या प्रादेशिक प्राधिकरणाकडे नोंदवले असेल, तर त्या मर्यादेत माल पाठवता येतो. अधिसूचनेत हे संरक्षण वगळले असेल तर मात्र नाही. नागपुरात प्रादेशिक कार्यालय असल्याने यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. आगाऊ रकमेवर किंवा तोंडी ऑर्डरवर काम करणाऱ्यांना या तरतुदीचा उपयोग होत नाही.

नाकारलेला माल परत आणणे म्हणजे कायद्याच्या दृष्टीने आयातच असते. त्याला पशु संगरोध विभागाची आणि एफएसएसएआयची प्रक्रिया लागते, आणि तोवर रीफरचे भाडे रोज चालू राहते. म्हणून नकाराची सूचना येताच तीन गोष्टी त्याच दिवशी मागवाव्यात : नकाराचे लेखी कारण, प्रयोगशाळेचा अहवाल आणि उरलेल्या नमुन्याच्या फेरतपासणीसाठी अर्ज करण्याची मुदत. फेरतपासणीची मुदत बहुधा थोडी असते. ती टळली की पुढे परत आणणे, तिसऱ्या देशात वळवणे किंवा तिथेच नष्ट करणे एवढेच पर्याय उरतात, आणि त्यांपैकी सर्वांत स्वस्त कोणता हे ठरवण्यासाठी प्लांटकडचे बॅच क्रमांक, तापमानाच्या नोंदी व कराराची प्रत हाताशी असावी लागते.